बहात्तर इंजिनं आणि न मिळालेली ड्रॉइंग

मागच्या आठवड्यात पुणे-मिरज-कोल्हापूर लाईनवरच्या जुन्या डिझेल गाड्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. खाली बऱ्याच जणांनी आठवणी काढल्या. एका वाचकाने मात्र चांगलंच सुनावलं. "आठवणी कसल्या काढताय? काळा धूर ओकणारी ती इंजिनं. अमेरिकेत जी कंपनी बुडाली तिचा माल आपल्या गळ्यात मारला आणि आपण तो पन्नास वर्षं ओढला. चांगलं काही घ्यायची अक्कलच नव्हती आपल्या सरकारला."

उत्तर द्यायला बसलो. कमेंटमध्ये मावेना, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगून ठेवतो.

या वाचकाचं निम्मं बरोबर आहे. कंपनी बुडाली हे खरं. धूर तर काय, आपण सगळ्यांनीच खाल्लाय. पण चांगलं घ्यायची अक्कल नव्हती, हे काही खरं नाही. चांगलं इंजिन आपण घेतलं होतं. एकदोन नाही, ७२ घेतली होती. तेही त्याच सुमारास, तेवढ्याच ताकदीची, त्या धूर ओकणाऱ्या इंजिनाच्या शेजारी उभी करून. आणि त्यानंतर एकही घेतलं नाही.

त्या इंजिनाचं नाव डब्ल्यूडीएम-४. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिश्र, म्हणजे प्रवासी गाडीला जोडा नाहीतर मालगाडीला, दोन्हीला चालतं. आणि आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, मिरज-कोल्हापूरपासून गुवाहाटीपर्यंत सगळीकडे दिसणारं, ते डब्ल्यूडीएम-२. एक जनरल मोटर्सचं, दुसरं अल्कोचं. दोघांची ताकद कागदावर सारखीच, २६०० अश्वशक्ती. दोघांनाही सहा धुरा, आणि सहाही धुरांना मोटर. लांबून बघणाऱ्याला रूपही साधारण एकाच जातीचं वाटेल: एका बाजूला ड्रायव्हरची केबिन, तिच्यापुढे आखूड नाक, मागे लांबलचक पेटी. पुढे काय झालं बघा. अल्कोच्या जातीची अडीच हजारांहून जास्त बनली. जनरल मोटर्सची ७२ वरच थांबली.

आता थोडं मागे जावं लागेल.

१९५० च्या दशकात आपली रेल्वे कोळशावरच चालायची. चित्तरंजनचा कारखाना १९५० पासून वाफेची इंजिनं बनवत होता. १९५६ ला दुसरी पंचवार्षिक योजना आली आणि तिच्यात भिलाई, राउरकेला, दुर्गापूर हे पोलाद कारखाने. पोलाद कारखाना म्हणजे काय, तर खनिज आणि कोळसा यांची रोजची रांग. त्या मालगाड्या ओढायला वाफेचं इंजिन कमी पडायला लागलं. त्याला दर थोड्या अंतरावर पाणी हवं, कोळसा हवा, राख काढायला हवी, आणि चालू करायचं तर आधी तासन् तास आग पेटवून बसा. डिझेलला यातलं काही नको. बटण दाबा आणि चला. (रेल्वेतले जुने लोक ओरडतील की इतकं सोपं नसतं. कळतंय मला.)

तर १९५७ पासून अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून १०० डिझेल इंजिनं आली. ती डब्ल्यूडीएम-१. त्यांनी पूर्वेकडच्या खनिज-कोळशाच्या पट्ट्यात काम केलं. पण त्यांना केबिन एकाच टोकाला, आणि मागचं काही दिसायचं नाही. परत जायचं तर इंजिन फिरवून घ्यायला हवं. ताकद १९५० अश्वशक्ती.

त्याच काळात दुसरं संकट आलं. दुसऱ्या योजनेच्या आयातीने परकीय चलनाची गंगाजळी आटली. १९५७-५८ ला दिल्लीत डॉलर मोजून मोजून खर्च करायची वेळ होती. शंभर इंजिनं आणलीत, ठीक. पण पुढची हजार? तीही जहाजातूनच आणणार का? मग ठरलं की डिझेल इंजिनं घरीच बनवायची. १९६१ मध्ये वाराणसीला डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स उभं राहिलं. रेल्वेच्या भाषेत डीएलडब्ल्यू.

कारखाना उभा राहिला, पण बनवायचं कुणाचं इंजिन? आपल्याकडे डिझाईन नव्हतं. ते कुणाकडून तरी घ्यायचं, त्याची ड्रॉइंग घ्यायची, माणसं तिकडे पाठवून शिकवून आणायची. म्हणून १९६१-६२ च्या सुमारास दोन इंजिनं मागवली गेली. एक जनरल मोटर्सचं, एक अल्कोचं.

अमेरिकेतली तेव्हाची स्थिती कळली तर पुढचं कळेल. तिथे वाफेचं इंजिन संपवलं ते जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाने. लोक त्याला ईएमडी म्हणतात, मीही तेच म्हणतो. शिकागोजवळ ला ग्रेंजला त्यांचा कारखाना. १९५० च्या दशकात अमेरिकी बाजारात ईएमडी म्हणजे राजा. अल्को ही जुनी खानदानी कंपनी, १९०१ साली अनेक इंजिन कारखाने एकत्र होऊन झालेली, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीची. जगातल्या सगळ्यात मोठ्या वाफेच्या इंजिनांत गणलं जाणारं 'बिग बॉय' १९४१ ला त्यांनीच बनवलं. डिझेलमध्ये मात्र त्या मागे पडल्या. एका मॉडेलच्या यंत्राने फार त्रास दिला, गिऱ्हाईक तुटलं. विजेचा भाग त्यांना जनरल इलेक्ट्रिक पुरवायची, ती भागीदारी १९५३ ला संपली. आणि १९६० च्या आसपास जनरल इलेक्ट्रिकने स्वतःचंच इंजिन बाजारात आणलं. म्हणजे कालचा भागीदार आजचा स्पर्धक. अल्को दुसऱ्या नंबरवरून तिसऱ्यावर घसरायला लागली.

म्हणजे आपल्या दारात दोघं आले, त्यातला एक बाजाराचा राजा आणि दुसरा पाय घसरत चाललेला. हे लक्षात ठेवा.

आता यंत्राबद्दल. ज्यांना यात रस नाही त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे जायला हरकत नाही, पण धुराचं उत्तर इथेच आहे. मराठीत आपण गाडी ओढणाऱ्या अख्ख्या धुडाला इंजिन म्हणतो आणि त्याच्या पोटात जे धडधडतं त्यालाही इंजिनच म्हणतो. गोंधळ नको, म्हणून पोटातल्याला मी 'यंत्र' म्हणतो. ते यंत्र चाकं फिरवत नाही. ते जनित्र फिरवतं, जनित्र वीज बनवतं, आणि ती वीज धुरांवरच्या मोटरना जाते. दोन्ही इंजिनांत हे सारखंच. फरक यंत्रात. अल्कोचं यंत्र २५१ मालिकेचं, १६ सिलिंडर, चार स्ट्रोकचं. म्हणजे हवा आत घ्या, दाबा, जाळा, धूर बाहेर टाका, अशा चार फेऱ्या. याला जास्तीची हवा पुरवायला टर्बो असतो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. आता गंमत बघा. गाडी स्टेशनात उभी आहे, यंत्र मंद चाललंय, धूर कमी, म्हणून टर्बोही संथ. ड्रायव्हरने नॉच वाढवला. डिझेल लगेच आत गेलं. पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ डिझेल जास्त आणि हवा कमी. अर्धवट जळलेलं ते डिझेल म्हणजे तो काळा लोट. मिरज स्टेशनवर महालक्ष्मी सुटताना धुण्याच्या दोऱ्या सावरायला धावणाऱ्या आयाबायांना हे विज्ञान माहीत नव्हतं, पण वेळ अगदी अचूक माहीत होती. टर्बोने वेग घेतला की धूर विरायचा आणि गाडी पत्रीपुलाखालून निघून जायची. पूर्ण जोरावर चालताना अल्को तेलाला काही वाईट नव्हतं, हेही सांगायला हवं.

ईएमडीचं यंत्र वेगळं. ५६७ मालिका. हा आकडा म्हणजे एका सिलिंडरचं घनफळ, ५६७ घनइंच. हेही १६ सिलिंडरचं, पण दोन स्ट्रोकचं. पिस्टन खाली आला की प्रत्येक वेळी ताकद. मात्र दोन स्ट्रोकच्या यंत्राला स्वतःहून हवा ओढता येत नाही, ती आत ढकलावीच लागते. आधी ते काम यंत्रानेच फिरवलेल्या पंख्याने व्हायचं, त्यात ताकद खर्च व्हायची. १९५८ मध्ये ईएमडीने त्यावर तोडगा काढला. टर्बो बसवला, पण तो दातेरी चक्रांनी यंत्राला जोडला आणि मध्ये एक सुटणारा क्लच ठेवला. यंत्र मंद असताना चक्रं टर्बोला फिरवतात. जोर वाढला, धूर पुरेसा झाला, की क्लच सुटतो आणि टर्बो धुराच्या जोरावर मोकळा फिरतो. म्हणजे हवा कधीच कमी पडत नाही. सुटताना तो काळा लोट नाही. सायकलच्या फ्रीव्हीलसारखंच म्हणा ना. पाय मारत असाल तर साखळी फिरवते, उतार लागला की चाक आपलं आपण पळतं. शिवाय सिलिंडर, पिस्टन, डोकं हा सगळा जुडगा एकदम उचलून काढता येई आणि दुसरा बसवता येई. शेडमधल्या फिटरला याहून गोड काय असणार?

अमेरिकेत हे टर्बोवालं यंत्र आधी एसडी-२४ नावाच्या इंजिनात आलं. तेही अल्पायुषीच, १९५८ ते १९६३ इतकंच बनलं, एकूण २२४. नवा टर्बो सांभाळायला तिकडच्या रेल्वे कंपन्यांनाही जड गेला. आपल्याकडे आलेली डब्ल्यूडीएम-४ ही त्याच घराण्यातली, निर्यातीसाठी बेतलेली. तर नवेपणाचे त्रास तिलाही होतेच. तरीसुद्धा रेल्वेतल्या जाणकारांचं मत बहुतेक एकच पडतं की दोघांत जनरल मोटर्सचं इंजिन सरस होतं.

मग सरस ते का नाही घेतलं?

कारण जनरल मोटर्सने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला. इंजिनं हवी तेवढी घ्या, पैसे द्या, सुटे भाग घ्या. पण ड्रॉइंग देऊन तुमच्या कारखान्यात बनवू द्यायला आम्ही तयार नाही. अल्को तयार झाली. बस, एवढंच कारण. वाराणसीचं भवितव्य त्यावर ठरलं.

जनरल मोटर्सचा हा स्वभाव आपल्याला नवा नव्हता. मुंबईच्या माणसाला तर नव्हताच. १९२८ पासून जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत होता, शिवडीला. शेव्हरोलेट गाड्यांचे भाग परदेशातून पेट्यांत यायचे आणि इथे जोडले जायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं की नुसतं जोडणं पुरे, आता टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवा, नाहीतर थांबा. जनरल मोटर्सने १९५४ ला गाशा गुंडाळला. फोर्डही गेली. त्याच १९५४ साली टाटांनी डायमलर-बेंझशी ट्रकसाठी करार केला. तो पंधरा वर्षांचा होता. ट्रक बनवायला शिकलो ते त्यातून. माझ्या मते वाराणसीचा निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शिवडी आणि जमशेदपूर ही दोन्ही चित्रं असणारच.

आणि अल्को का तयार झाली? माझं उत्तर असं की तिला गरज होती. घरच्या बाजारात मार खाणाऱ्या कंपनीला हजारो इंजिनं लागणारा देश म्हणजे बुडत्याला काठी. राजाला काठी लागत नाही. त्यामुळे चांगलं यंत्र राजाकडे आणि ड्रॉइंग देणारा मात्र दुसराच, ही परिस्थिती काही आपल्या अक्कलशून्यतेतून आली नव्हती. ती बाजारातून आली होती. आपल्याकडे निवड 'चांगलं की वाईट' अशी नव्हतीच. 'चांगलं पण त्यांच्या हातातलं' की 'जरा कमी, पण आपल्या हातातलं', अशी होती.

३ जानेवारी १९६४ ला वाराणसीचं पहिलं डब्ल्यूडीएम-२ लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते देशाला मिळालं. क्रमांक १८२३३. सुरुवातीची काही इंजिनं अमेरिकेतून आलेले भाग जोडूनच केली होती, यात लपवण्यासारखं काही नाही. शिवडीलाही जोडणीच होत होती. फरक हा की इथे पेटीबरोबर ड्रॉइंगही आली होती. पुढे एकेक भाग इथे बनायला लागला. मोटर आणि जनित्रं भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्सने घेतली. पोलादी पाट्या जोडून यंत्राचा सांगाडा वाराणसीलाच वेल्डिंगने व्हायला लागला.

आता माझं आवडतं साल येतं, १९६९.

मार्च १९६९ मध्ये नवी दिल्ली-हावडा राजधानी सुरू झाली. पूर्ण वातानुकूलित, ताशी १२० किलोमीटरपर्यंत पळणारी. साधारण १४५० किलोमीटरचं अंतर १७ तास २० मिनिटांत. त्याआधी चांगल्या गाडीलाही २४ तासांच्या घरात वेळ लागायचा. देशाची सगळ्यात दिमाखदार गाडी. तिला जोडायला कोणतं इंजिन निवडलं? वाराणसीला धडाधड बनणारं आपलं डब्ल्यूडीएम-२ नाही. जनरल मोटर्सचं डब्ल्यूडीएम-४. म्हणजे पुढे कधी विकत घ्यायचं नाही असं ठरून सात वर्षं झालेलं इंजिन, आणि मानाची गाडी मात्र त्याच्याच गळ्यात. कोणतं यंत्र चांगलं हे रेल्वेला पुरतं ठाऊक होतं, याला आणखी पुरावा कशाला?

आणि त्याच १९६९ साली स्केनेक्टडीचा अल्कोचा कारखाना बंद पडला. कायमचा. वाराणसीत पहिलं इंजिन निघून पाच वर्षं झाली होती आणि ज्यांच्याकडून शिकलो ते घर उठलं. कॅनडात मॉन्ट्रियलला अल्कोच्या पद्धतीची इंजिनं काही वर्षं बनत राहिली, १९८० च्या दशकात तिथलंही आटोपलं. क्षणभर कल्पना करा की अल्कोने ड्रॉइंग दिली नसती, नुसती इंजिनं विकली असती. १९७० साली आपल्या हातात शेकडो अनाथ इंजिनं असती आणि सुट्या भागासाठी दारोदार फिरणं असतं. प्रत्यक्षात झालं उलटं. कंपनी मेली, तिचं यंत्र वाराणसीत जगलं. तिथून पुढे ते टांझानियाला गेलं, व्हिएतनामला गेलं, बांगलादेश आणि श्रीलंकेला गेलं. १९८१ ला पतियाळाला जुनी इंजिनं उघडून नव्यासारखी करणारा कारखाना निघाला. २६०० अश्वशक्तीच्या त्या यंत्रातून आपल्या लोकांनी आधी ३१०० आणि मग ३३०० काढली. कल्याण आणि पुण्याच्या शेडमधली जी डब्ल्यूडीएम-३डी इंजिनं कोकण रेल्वेवर आपल्याला गावी घेऊन जायची, त्यांच्या पोटात तेच स्केनेक्टडीचं २५१ होतं, सुधारत सुधारत आणलेलं.

अनाथ झाली ती ७२. त्यांची कंपनी मेली नव्हती, चांगली जोरात होती. तरीही. मुघलसरायच्या शेडने ती सांभाळली. अडीच हजारांच्या गोतावळ्यात ७२ म्हणजे सवतीची मुलं. त्यांचा पिस्टन वेगळा, झडप वेगळी, टर्बो वेगळा, आणि वाराणसीच्या कारखान्यातला एकही भाग त्यांना बसत नाही. जे लागेल ते डॉलर देऊन मागवा नाहीतर शेडमध्ये जुगाड करा. तरी त्या शेडने ती तीन दशकं पळवली. १९९० च्या दशकात ती सेवेतून गेली.

आता माझ्या त्या वाचकाच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी १९६२ च्या निर्णयाची आरती ओवाळतोय. तसं नाही. निर्णय बरोबर होता, पण त्यानंतर आपण त्यावर बसून राहिलो. ईएमडीचं ५६७ यंत्र १९६५ ला ६४५ झालं, १९८० च्या दशकात ७१० झालं. तिकडे बाकीचंही सगळं बदललं. आपण मात्र वाराणसीत तेच २५१ उकरत होतो. सुधारणा झाल्या, इंधन वाचवणारे बदल झाले, ते करणारे इंजिनिअर हुशारच होते. पण नवं यंत्र शून्यातून काढायचं, त्याला दहा वर्षं आणि पैसा द्यायचा, चुकलं तर चुकू द्यायचं, हे कुणी केलं नाही. बाजारात आपल्याशी स्पर्धाच नव्हती. रेल्वेच बनवणार, रेल्वेच घेणार. ड्रॉइंग मिळणं आणि ड्रॉइंग काढता येणं यांत मोठा फरक आहे. पहिलं १९६२ ला जमलं. दुसऱ्याला पुढची तीस वर्षं होती.

आणि त्याची किंमत काय, तर १९९५ ला आपण परत त्याच दारात गेलो. जनरल मोटर्सच्या. या वेळी करार झाला, ४००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा आणि तंत्रज्ञानासकट. तीस वर्षांत राजाही बदलला होता ना. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने ईएमडीला मागे टाकलं होतं. आता गिऱ्हाईकाची गरज त्यांना होती. जे १९६२ ला मिळालं नाही ते १९९५ ला मिळालं, आणि त्यात आपल्या वाटाघाटींचं कसब किती आणि त्यांची अडचण किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. माझा झुकता माप अडचणीकडे आहे. पुढे २००५ मध्ये जनरल मोटर्सने तो इंजिनांचा विभागच विकून टाकला.

ती नवी इंजिनं, डब्ल्यूडीजी-४, १९९९ पासून आली आणि हुबळीच्या शेडला गेली. गोव्याला रेल्वेने गेलेल्यांनी ती बघितली आहेत. कॅसलरॉकहून कुळेपर्यंतच्या घाटात, दूधसागरच्या आसपास, मालगाडीला पुढे आणि मागे लावलेली ती जाडजूड इंजिनं. त्यांच्या पोटातलं ७१० म्हणजे डब्ल्यूडीएम-४ च्या ५६७ चा सख्खा नातू. तेच दोन स्ट्रोक, तोच दातेरी चक्रांचा टर्बो आणि सुटणारा क्लच. मुघलसरायच्या शेडमधला १९६५ सालचा एखादा फिटर हुबळीला येऊन उभा राहिला असता तर त्याने ते झाकण उघडून ओळखलं असतं.

गोष्ट इथेही संपत नाही. २०१५ ला बिहारमधल्या मढौऱ्याच्या कारखान्यासाठी १००० डिझेल इंजिनांचा करार झाला. कुणाशी? जनरल इलेक्ट्रिकशी. म्हणजे अल्कोला संपवणारा तिचा जुना भागीदार. १९६० सालचे ते तिघं प्रतिस्पर्धी, अल्को, जनरल मोटर्स आणि जनरल इलेक्ट्रिक, तिघांचीही यंत्रं शेवटी गंगेच्या खोऱ्यातच बनली. करार झाला आणि पाठोपाठ रेल्वेने सगळ्या ब्रॉडगेजच्या विद्युतीकरणाचा सपाटा लावला. मग डिझेल कशाला, असा प्रश्न तेव्हा संसदेपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांनी विचारला. वाराणसीने २०१८-१९ मध्ये दोन जुनी अल्को डिझेल इंजिनं उघडून त्यांचं १०,००० अश्वशक्तीचं जोड विद्युत इंजिनही करून दाखवलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला मोठ्या थाटात झेंडा दाखवला गेला. त्या पद्धतीची इंजिनं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच झाली. अल्पायुषी मॉडेलांच्या यादीत आणखी एक नाव. २०२० ला डीएलडब्ल्यूच्या नावातलं 'डिझेल'ही गेलं, आता ते बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स.

हल्ली लढाऊ विमान असो, पाणबुडी असो की रेल्वेचा डबा, बातमीत 'तंत्रज्ञान हस्तांतरणासह' असे शब्द येतात आणि खाली आपण दोन गट करून भांडतो. एक म्हणतो स्वदेशी झालं, दुसरा म्हणतो फसवणूक. मी अशा बातमीत तीन गोष्टी शोधतो. देणाऱ्याला आपली गरज किती आहे? ड्रॉइंग नेमक्या कोणत्या भागाची मिळणार, सांगाड्याची की पोटातल्या यंत्राची? आणि पुढचं मॉडेल काढायला आपण कुणाला पगार देऊन बसवलंय? तिसऱ्याचं उत्तर बातमीत सहसा नसतं.

तर, त्या वाचकाला माझं उत्तर इतकंच की धुराचा राग रास्त आहे, पण तो १९६२ वर काढू नका. काढायचाच तर १९६९ नंतरच्या वर्षांवर काढा.

आता एक विनंती. डब्ल्यूडीएम-४ चे चांगले फोटो फार कमी सापडतात. तुमच्या घरातलं कुणी सत्तर-ऐंशीच्या दशकात काशी-प्रयागला गेलं असेल, मुघलसरायला उतरलं असेल (आता त्याचं नाव दीनदयाळ उपाध्याय जंक्शन), आणि फलाटावर घरच्यांना उभं करून फोटो काढला असेल, तर तो जुना अल्बम एकदा काढून बघा. आजीच्या मागे जे इंजिन दिसतंय त्याच्या अंगावरचा क्रमांक आणि नाव वाचा. डब्ल्यूडीएमच्या पुढे ४ असेल तर फोटो कमेंटमध्ये टाका. आजीसकट.